इंदुताईंचं कानातलं

नोव्हेंबरातल्या एका सकाळी इंदुताईंनी चक्कीवर जाहीर केलं, "आज दुपारी चक्की बंद. मी मुकुंदभाऊसोबत धरमपेठले कानातलं घ्याले चालली." दळणाच्या रांगेत पाच बाया उभ्या होत्या. दहा मिनिटांत बातमी माझ्या घरी पोचली आणि चारुलतेनं, म्हणजे माझ्या बायकोनं, चहाचा कप माझ्यापुढे जरा जोरातच ठेवला. पोस्टातून निवृत्त झालेल्या कारकुनाची एवढी बदनामी सहसा होत नाही, म्हणून मीही खुलासा करायची घाई केली नाही.

कानातलं म्हणजे डूल नव्हेत. इअरबड. वायर नसलेले, बाहेरचा आवाज मारणारे. इंदुताईंना तो शब्द लक्षात राहायचा नाही आणि 'कानात घालायचं ते कानातलं' हा त्यांचा हिशेब चुकीचा म्हणता येत नव्हता.

हुडकेश्वरला आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांची पीठचक्की आहे. दादाजी, म्हणजे त्यांचे यजमान, गेले तेव्हा त्यांची मुलगी सोनिका चौथीत होती. दुसऱ्या दिवसापासून, म्हणजे तेरवी वगैरे उरकल्यावरच्या दुसऱ्या दिवसापासून, इंदुताई स्वतः पट्टा चढवायला लागल्या. वीस-बावीस वर्षं झाली. आत गहू चाललाय की ज्वारी, गुळगुळीत झालेल्या दगडाला टाकी लावायची वेळ झाली की नाही, हे त्या पाठमोऱ्या उभ्या राहून नुसत्या आवाजावरून सांगतात. त्याच आवाजानं त्यांचे कान खाल्ले. गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. इंदुताईंशी बोलायचं तर समोर उभं राहून, ओठ दाखवत बोलायचं. त्यांना मात्र कबूल नव्हतं. ऐकू आलं नाही की त्या सरळ 'हो' म्हणायच्या. या 'हो'पायी एकदा माझ्या घरी शेजाऱ्यांचं बेसन आलं आणि शेजाऱ्यांनी आमच्या नाचणीची भजी केली.

इथवर गंमत होती. महालक्ष्म्यांच्या वेळी गंमत संपली.

सोनिका पुण्याला नोकरीला लागून सात वर्षं झाली. एकुलती एक पोर. रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती आईला फोन करायची, आणि इंदुताई चक्की चालू ठेवून, एका हातानं डबा धरून, फोन कानात घुसवून बोलायच्या. ती दीड वर्ष घरी आली नव्हती. यंदा महालक्ष्म्यांच्या आठ दिवस आधी इंदुताई सगळ्या गल्लीला सांगत सुटल्या, "सोनिकाचा फोन आला होता. म्हणे, मी येऊन राहिली वं आई." मग काय विचारता. अंबिलीचं पीठ झालं, पुरणाची डाळ निवडून झाली, पोरीची खोली पांढरी झाली. ठरल्या दिवशी सकाळी त्या अजनी स्टेशनवर गेल्या. पुण्याची गाडी आली, रिकामी झाली, निघून गेली. फलाटावर झाडूवाला यायला लागला तेव्हा त्यांनी मला फोन केला, कारण पोरीला विचारायची त्यांना भीती वाटत होती.

पोरीनं येणार नाही असंच सांगितलं होतं. त्यातलं 'नाही' चक्कीत गेलं.

सोनिका त्या दिवशी फार रडली म्हणे. आणि त्यानंतर तिनं फोन करणं बंद केलं. रागानं नाही, भीतीनं. आईच्या बाबतीत पुन्हा अशी चूक नको, म्हणून ती सगळं लिहून पाठवायला लागली. आई जेवलीस का, आई गोळी घे, आई दिवाळीला सुट्टी नाही. इंदुताई चष्मा लावून एकेक शब्द वाचायच्या आणि फोन पिठाच्या डब्यावर पालथा ठेवायच्या. "मुकुंदभाऊ, अक्षरं सगळ्यांचे सारखेच असतात जी," एकदा मला म्हणाल्या. "बँकेचा मेसेज अन् पोरीचा मेसेज, दिसाले एकच."

त्यांना पोरीचा आवाज हवा होता. बाकी काही नाही.

त्या आवाजासाठी त्या कानाच्या डॉक्टरकडे गेल्या, आपल्या पायांनी. डॉक्टरनं तपासून सांगितलं, गेलं ते परत येणार नाही, आहे ते सांभाळा. चक्कीत कारखान्यातल्यासारखे जाड कानपट्टे लावा, आणि फोनवर बोलताना दोन्ही कानांनी, शांततेत बोला. सोनिकानं लगेच लिहिलं, चांगले इअरबड घे, पैसे पाठवते, दुकानात जाऊन कानाला लावून बघ, मुकुंदकाकांना ने. मी पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचतो, त्यामुळे मला सगळं कळतं असा गल्लीचा समज आहे.

दुकानातल्या मुलीचं नाव नूपुर. तिनं काचेवर तीन जोड्या मांडल्या. मी बॅटरी किती चालते वगैरे पोक्त प्रश्न विचारले. नूपुरनं मला उत्तरं दिली आणि लक्ष इंदुताईंच्या कानांकडे ठेवलं, यावरून मुलगी हुशार दिसली. पहिली जोडी इंदुताईंनी मान हलवताच खाली पडली. दुसरी घट्ट बसली, पण त्या म्हणाल्या, विहिरीत उतरल्यासारखे कान दडपतात. नूपुरनं तिसरीला सगळ्यात छोटी रबराची टोपी चढवली, मग डाव्या कानाची बदलून मधल्या मापाची लावली. इंदुताईंचे दोन्ही कान सारखे नव्हते. इतक्या वर्षांत त्यांचे कान कोणी इतके निरखून पाहिले नसतील.

बाहेर रस्ता फोडायचं काम चालू होतं. दुकानाच्या काचा थरथरत होत्या. नूपुरनं इअरबडवर बोट दाबलं आणि इंदुताई दचकून उभ्या राहिल्या.

"लाइन गेली का जी?"

वर पंखा फिरत होता, दिवे चालू होते. चक्कीवाल्या बाईच्या आयुष्यात इतकं शांत फक्त वीज गेल्यावर होतं. मी हसलो आणि लगेच गप्प झालो, कारण त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

नूपुरनं एक भजन लावलं. इंदुताई ऐकत राहिल्या. पूर्वी त्या मंगळवारच्या भजनी मंडळात म्हणायच्या, सूर कळेनासा झाला तसं ते सोडून बसल्या होत्या. "यात टाळ वाजून राहिले," त्या म्हणाल्या, आणि मंडळ सोडायला नको होतं असं काहीतरी पुटपुटल्या. नूपुरनं त्यांना समोर बसवून बजावलं, "मावशी, हे चक्कीसाठी नाहीत बरं. एकसारखी घरघर हे कमी करतात, पण कान वाचवायचे तर तिथे जाड पट्टेच लावायचे. हे गाण्यांसाठी आणि फोनसाठी. तेही हळू आवाजात."

"फोन लावून दे मंग," इंदुताई म्हणाल्या.

सोनिकाच्या जेवणाची सुट्टी होती. पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं, मी इंदुताईंचं तोंड बघत होतो. आधी ते एवढं उजळलं की नूपुरही हसली. "हो, येऊन राहिलं ऐकू. सगळं येऊन राहिलं. बोल तू." त्या ऐकत राहिल्या. मग कपाळाला आठी पडली. "ऑफिसात आहेस का? तुह्याजवळ कोणी बसून आहे का?" थोडं थांबून, "मंग अशी काहून बोलून राहिली?" पुन्हा थांबल्या. "नाही, काही नाही. बोल. तू बोलत राह्य."

तीच जोडी घेतली. परतीच्या ऑटोत त्या डबी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मानेवाडा चौक ओलांडल्यावर म्हणाल्या, "मले पहिल्यांदा वाटलं, फोन दुसऱ्याच्याच घरी लागला. ते 'मले' नाही, 'मला' म्हणते, भाऊ. मला. 'येतेय', 'जातेय'. 'अगं आई' म्हणे."

"पुण्यात राहून होतं तसं," मी म्हटलं.

"'वं' नाही म्हणत ते." मग हळूच म्हणाल्या, "चक्कीच्या आवाजात मले तिचं 'वं' ऐकू ये जी. रोज ये. म्हणजे ते मीच मनानं लावून घेत होती का?"

सोनिका सातवीत असताना स्कॉलरशिपच्या अभ्यासाला माझ्याकडे यायची. तिनं 'मले' म्हटलं की मी पेन्सिल टेबलावर ठोकायचो. 'मला' म्हण, पुढे जाशील. पोर हुशार होती, एका महिन्यात शिकली. आमच्या घरात 'मला' बोलून अभ्यास संपला की दार ओलांडताच 'वं आई' करत पळायची. ते सांगायचं धैर्य मला ऑटोत झालं नाही, अजूनही झालेलं नाही. आता ती पुढे गेली आहे, इतकंच.

त्यानंतर रोज पाऊण वाजता इंदुताई चक्की बंद करायला लागल्या. गिऱ्हाईकं कुरकुरली, त्यांनी दाद दिली नाही. मागच्या खोलीत बसून, दोन्ही कानांत इअरबड घालून, त्या पोरीशी बोलायच्या. काम करताना जाड पट्टे लावायच्या. भजनं ऐकायच्या. सोनिकाचे फोन पुन्हा सुरू झाले, तीही खूश होती. महिन्याभरानं मी विचारलं, तिला सांगितलंत का, घरच्यासारखं बोल म्हणून?

"सांगतलं होतं. दोन दिवस बोलली बिचारी. आठवू आठवू बोले. नाटकातल्या बाईवानी." त्या पीठ चाळत होत्या. "मीच म्हणली, राहू दे बाई, तुले जसं येते तसं बोल."

परवाची गोष्ट. रविवार होता, चक्कीला सुट्टी. मी औषधाच्या दुकानात निघालो होतो तर चक्कीचा आवाज. दार अर्धवट लोटलेलं होतं. आत एकही डबा नव्हता, रांग नव्हती. वरच्या चाडीतून, म्हणजे धान्य ओतायच्या पेटीतून, मूठमूठ ज्वारी सुटत होती, दगड कोरडा घासू नये एवढ्यापुरती. इअरबडची डबी कोनाड्यात बंद होती, जाड पट्टे खिळ्याला टांगलेले होते. इंदुताई मोटारीला अगदी खेटून उभ्या होत्या, फोन उजव्या कानाशी दाबून, डोळे मिटून.

डॉक्टरनं काय सांगितलंय, हे ओरडून सांगायला मी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात त्या हसल्या. पंधरा वर्षांपूर्वी पोर शाळेतून आली की हसायच्या तशा.

"बोल वं, बोल," त्या मोठ्यानं म्हणत होत्या. "आता चांगलं ऐकू येऊन राहिलं."

मी दार पुन्हा होतं तसं लोटून घेतलं.