दाबकाकांच्या फाटकासमोर

दाबकाका हाती येईल ती वस्तू आधी दाबून बघत. गादी, पपई, पाव, नव्या जावयाचा खांदासुद्धा. "दाबल्यावर उरतं तेवढंच खरं," असं म्हणत आणि समोरच्याकडे, हा काही उरायचा नाही, अशा नजरेनं बघत. मूळचे नागपूरचे, भोपाळच्या कारखान्यात इंजिनियर होते. निवृत्तीनंतर तिथल्याच अवधपुरीत राहिले. कॉलनीच्या समितीत त्यांचाच शब्द शेवटचा.

मी दुसऱ्याच्या रोलरवर मजुरी करायचो तेव्हा रस्त्याची आकडेमोड त्यांच्या ओट्यावर शिकलो. चुकलो की ते शिवी देत नसत. "तुझे वडील काय करायचे रे?" एवढंच विचारत. वडील करोंदच्या मंडीत हमाल होते, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

माझं स्वतःचं पहिलं काम त्यांच्याच गल्लीचं. ते नीट झालं तर बाकीच्या गल्ल्याही मलाच मिळणार होत्या. किती डांबरी माल लागेल, याचा अंदाज आदल्या संध्याकाळी मी त्यांना दाखवला. त्यांनी चहा संपवला आणि "छान" म्हणाले. हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला. तिथंच सावध व्हायला हवं होतं.

त्यांचं घर गल्लीच्या टोकाला. सकाळपासून ते फाटकात खुर्ची टाकून बसले होते. आम्ही रस्ता करत फाटकाशी पोचलो आणि डंपरवाला म्हणाला, "भैया, माल खतम." रोलरखाली थर बसतो, म्हणून पसरताना जास्त घ्यावा लागतो. मी बसलेल्या थराएवढाच माल मागवला होता. खुर्ची कुठं टाकायची, हे काकांनी आदल्या संध्याकाळीच ठरवलं होतं.

"काका, काल सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर लक्षात राहिलं असतं?"

बाकीच्या गल्ल्या दुसऱ्याला गेल्या. फाटकासमोर उघडा राहिलेला तुकडा मी पदरमोड करून भरायला गेलो, तर काकांनी भरू दिला नाही. आल्यागेल्याला दाखवून सांगत, "राहू दे. ही त्याची सही आहे."

आज कोलार रोडवर माझे स्वतःचे रोलर फिरतात. कोणी अंदाज घेऊन आला की मी आधी विचारतो, दाबल्यावर किती? तेव्हापासून माझा माल कधी कमी पडला नाही. हे त्यांचंच देणं, नाकारत नाही. पण आठवलं की अजून दात आवळले जातात.

गेल्या थंडीत काका गेले. शववाहिनी निघाली तेव्हा त्याच तुकड्यात चाक आदळलं. तेराव्यानंतर त्यांच्या मुलाचा फोन आला. "दादा, आता तेवढं भरून द्या ना. आई तिथं अडखळते."

अर्ध्या तासाचं काम होतं.

"राहू दे," मी म्हणालो. "ती त्यांची सही आहे."