धर्मापुरीत न पेटलेला प्लग

मामांचं बीडमध्ये भुसाराचं दुकान होतं आणि घरातल्या सगळ्या गोष्टींचा निकाल तेच लावायचे. माझे वडील मी शाळेत असतानाच गेले, त्यामुळे माझं शिक्षण, माझी नोकरी आणि पुढे माझं लग्न हे तिन्ही विषय आपोआप मामांच्या गादीवर गेले. पहिल्या दोन विषयांचा निकाल त्यांनी चटकन लावला. तिसरा रखडला.

मुलगी बघायला आम्ही दोघंच मोटारसायकलवर जायचो. जीप करून गेलं की समोरच्यांना वाटतं, पाव्हणे ठरवूनच आलेत, असं मामांचं म्हणणं. त्यांचा दुसरा नियम जेवणाचा होता. आमच्याकडे रीत अशी की पसंती नसेल तर मुलीच्या घरी जेवायचं नाही. चहा-पोहे चालतात, पण एकदा पानावर बसलं की शब्द दिला असं धरतात. मामांनी ही रीत इतकी कडक पाळली की मी अर्ध्या जिल्ह्याचे पोहे खाल्ले होते आणि भाकरी एकाही घरची नाही. एका ठिकाणी मुलीचा बाप लई बोलतो म्हणून त्यांनी नकार दिला. पुढच्या ठिकाणी बाप काहीच बोलेना, म्हणून तिथेही दिला.

गाडी माझी होती. शंभर सीसीची टू-स्ट्रोक. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून टाकायचं, आणि त्या ऑइलमुळे प्लग काजळी धरायचा. म्हणून जिथे थांबू तिथे मामा प्लग काढायचे, पॉलिश पेपरने घासायचे, फुंकर मारायचे आणि उन्हात धरून बघायचे. गाडी नीट चालत असली तरी. यात मामा एकटे नव्हते. तेव्हा आमच्याकडे रस्त्याच्या कडेला दोन-चार माणसं थांबलेली दिसली की समजायचं, तंबाखू तरी मळतायत नाहीतर प्लग तरी घासतायत.

त्या वर्षांत बाजारात रोज काहीतरी नवीन येत होतं आणि येईल ते आपल्याकडे असावं असं मला वाटायचं. औरंगाबादला कंपनीत लागलेल्या माझ्या मित्राने इरिडियमचा प्लग आणून दिला. साध्या प्लगचं टोक पेन्सिलीएवढं जाड असतं, याचं सुईसारखं बारीक. मी तो मामांच्या दुकानात नेऊन दाखवला. मामांनी तो तांदळाचा दाणा बघावा तसा चिमटीत धरून बघितला.

"ह्यो इतका बारीक कावून हाय?"

"बारीक हाय म्हणून ठिणगी चांगली पडती. काजळी धरत न्हाई. घासायची गरजच न्हाई मामा. उलट घासायचाच नसतो."

"घासायचा न्हाई?" मी त्यांना अंघोळ करू नका म्हणालो असतो तरी त्यांनी असंच बघितलं असतं. "मंग थांबल्यावर करायचं काय?"

साधा प्लग कुठल्याही टपरीवर मिळतो, हा गेला तर औरंगाबाद गाठावं लागेल, हेही त्यांनी ऐकवलं आणि ते खरंच होतं. पण मी अडून बसलो, कारण पुढची जागा धर्मापुरीची होती. ती मुलगी मी आधी बघितलेली होती. अंबाजोगाईच्या एका लग्नात ती पंगतीत वाढत होती, आणि पहिल्या पंगतीतून उठायला तयार नसलेल्या एका पुढाऱ्याला तिनं सगळ्यांदेखत विचारलं होतं, "तुमाला रात्री इथंच झोपायचं का?" तो उठला. तेव्हापासून मला दुसरी कुणी नको होती. हे मामांना सांगायची सोय नव्हती. आमच्याकडे मुलाला मुलगी आवडणं हा मुलाचा विषय नव्हता. मामा धर्मापुरीचेही पोहे खाऊन उठतील या विचाराने मला झोप लागत नव्हती, आणि माझ्या हातात काही असेल तर ते एवढंच, की तिच्या दारातून निघताना गाडी पहिल्या किकला चालू व्हावी. एरवी मी किक मारत राहायचो आणि सगळी गल्ली धुरात उभी राहून बघायची.

इरिडियम बसवला. वर मामांना म्हणालो, आता गाडीच्या डिकीतला जादाचा साधा प्लग काढून ठेवा, त्याची गरज नाही. मामांनी तो काढला. "बरं," म्हणाले. एवढ्या लवकर ते कधीच ऐकत नसत. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

सकाळी आईने गाडीला हळद-कुंकू वाहिलं आणि आम्ही निघालो. गाडी अशी चालत होती की मी दोनदा मागे वळून मामांचं तोंड बघितलं. तोंडावर काही नव्हतं. मांजरसुंब्याला ढाब्यावर चहा घेतला आणि मी तोंड धुवायला गेलो. परत आलो तर मामा गाडीपाशी उकिडवे बसलेले, एका हातात माझा इरिडियम आणि दुसऱ्या हातात पॉलिश पेपर.

"मामा, घासायचा नसतो म्हणलतो ना."

"जरा काळा दिसत हुता," मामा म्हणाले, आणि आणखी दोन हात मारून त्यांनी तो बसवून टाकला.

इंजिन गरम होतं, गाडी चार-पाच किकमध्ये चालू झाली. केजच्या पुढे चढावर ती मध्येच आचके द्यायला लागली. पेट्रोलमध्ये कचरा असेल, असं मी मामांना सांगितलं आणि स्वतःलाही.

धर्मापुरीत मुलीच्या वडलांचं कापडाचं दुकान होतं, मागे घर. पोहे आले. ती आली, बसली. मामांनी नेहमीचे प्रश्न विचारले आणि शेवटी, उत्तराची अपेक्षा न ठेवता, तिला काही विचारायचं आहे का असं म्हणाले. आजवर कुठल्याच मुलीने काही विचारलं नव्हतं.

"तुमी आतापर्यंत किती ठिकाणचे पोहे खाल्ले?" तिनं मला विचारलं.

"मोजले न्हाईत."

"आमचे कसे झाले?"

"चांगले झालेत."

"मीठ जरा जास्त हाय," मामा म्हणाले. मग त्यांनी घड्याळ बघितलं आणि उठले. "निगतो आमी. कळवतो."

कळवतो म्हणजे काय ते आमच्या जिल्ह्यात लहान पोराला पण कळतं. तिच्या आईने रिकाम्या बशा उचलायला सुरुवात केली. मला इतकं वाईट वाटलं की चप्पल पायात घालताना दोनदा चुकलो.

बाहेर आलो आणि किक मारली. गाडी चालू झाली नाही. पुन्हा मारली. गल्लीतली माणसं ओट्यांवर येऊन बसली. एकाने सल्ला दिला, गाडी आडवी करा. आडवी केली. दुसरा म्हणाला, ढकला. पार देवळापर्यंत ढकलत नेली आणि ढकलतच परत आणली. तोवर इंजिन पूर्ण गार झालं होतं. शेवटी घामाघूम होऊन प्लग काढला. त्याच्या टोकाला सुई नव्हतीच. मामांनी ती मांजरसुंब्यालाच घासून मोडली होती.

मी तो त्यांच्यापुढे धरला. मामांनी तो उलटसुलट करून बघितला.

"कंपनीवाले सुई बसवायला इसरले आसतील," ते म्हणाले.

गावात प्लग मिळत नव्हता. मुलीचे वडील म्हणाले, "अंबाजोगाईला मानूस धाडतो. तवर..." आणि थांबले. तोवर जेवून घ्या असं म्हणायची त्यांना सोय नव्हती, कारण ते सोयरीक मागितल्यासारखं झालं असतं, तेही कळवतो ऐकल्यावर. पाव्हण्यांना भर दुपारी उपाशी ठेवायचीही सोय नव्हती. ती दारात उभी होती. मामांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझं तोंड कसं दिसत होतं ते मला माहीत नाही. मामा बराच वेळ बघत होते.

मग त्यांनी टोपी काढून घाम पुसला. "सैपाकाला किती येळ लागंल?" ते म्हणाले.

आत भांड्यांचा असा आवाज सुरू झाला की शेजारची बाई विचारायला आली. ज्वारीची भाकरी, येसर आमटी, वांग्याचं भरीत आणि घाईघाईत केलेला शिरा. मामा पोटभर जेवले. शिरा मागून घेतला. मुलीचे वडील नको म्हणेपर्यंत वाढत राहिले. मी काय खाल्लं ते मला आठवत नाही.

जेवण झाल्यावर मामांनी हात धुतले, खिशातली डबी काढून कपाळाला विभूती लावली आणि अंबाजोगाईला जायला अजून एसटीची वाट बघत बसलेल्या माणसाला हाक मारून थांबवलं. मग बंडीच्या आतल्या खिशातून रुमालाची गुंडाळी काढली. तिच्यात साधा प्लग होता, घासून लख्ख केलेला. तो त्यांनी स्वतः बसवला आणि मला म्हणाले, "मार." गाडी पहिल्या किकला चालू झाली.

गाव मागे पडल्यावर मी विचारलं, "मामा, प्लग तुमच्याजवळ व्हता?"

"हाय की. गाडीतनं काडा म्हनलास. खिशातनं काडा कुटं म्हनलास?"

"मंग आधीच कावून न्हाई काडला?"

मामा मागे जरा सरकून बसले.

"भूक लागलती," मामा म्हणाले.

त्यांनी दोन बशा पोहे खाल्ले होते. मी पुढे काही विचारलं नाही. अंबाजोगाईपर्यंत माझे डोळे वाहत होते, आणि गाडीवर वारा लागतो हे एक बरं असतं.

लग्नानंतर मी बायकोला हे सगळं सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही. हातातली चपाती लाटून झाल्यावर म्हणाली, "तुमच्या आधी जे जे मला बघायला आलते, त्या समद्यांच्या गाड्या पहिल्या किकलाच चालू झाल्या."