शिक्काताई आणि स्वेच्छेचा तक्ता

आमच्या कार्यालयात आवक टेबलावर एक बाई एकतीस वर्षं बसल्या आहेत. कागद अपुरा असला की त्यावर ‘अपूर्ण, परत’ असा शिक्का मारायचा, मग तो साहेबांचा असो की शिपायाचा, हा त्यांचा खाक्या. म्हणून त्यांना सगळे शिक्काताई म्हणतात. त्यांच्या समोरच्या टेबलावर मी, आस्थापना विभागाचा अधीक्षक.

ताई रुजू झाल्या तेव्हा बैठकीचा चहा बायकांनी द्यायचा असा रिवाज होता. ताईंनी त्याचा लेखी नियम मागितला. तो नव्हताच, तेव्हा त्यांनी चहा देणं थांबवलं. त्यापायी दीड वर्ष त्यांना तळघरातल्या जुन्या फायलींत बसवलं. शेवटी चहासाठी वेगळा माणूस नेमल्याचा आदेश निघाला. त्याची प्रत माझ्याकडे क्रमवार लावलेली आहे.

यंदा नव्या मनुष्यबळ अधिकारी आल्या. वय तिशीचं, बोलणं लोण्यासारखं. पहिल्याच सभेत म्हणाल्या, “तो जुना लढा आपण केव्हाच जिंकलो. आजची स्त्री रडत बसत नाही, ती निवड करते. तिला चहा द्यावासा वाटला, तर तेही तिचं स्वातंत्र्यच!” टाळ्या पडल्या, सगळ्यांत जोरात पुरुषांच्या. स्त्रीमुक्ती आम्हाला इतकी कधीच पटली नव्हती.

त्याच महिन्यात चहावाल्याची जागा रद्द झाली आणि ‘स्वेच्छा सेवा तक्ता’ काढायचं ठरलं. तो मी केला. रकाने तीन : तारीख, नाव, सही. नावं मी महिला कर्मचाऱ्यांच्या यादीतून जशीच्या तशी उतरवली. मला तसं कुणी सांगितलं नव्हतं. दुसरी यादी घ्यावी हे डोक्यातच आलं नाही.

गुरुवारची पाळी धाकटीवर आली. धाकटी म्हणजे आमची सर्वांत नवी कारकून. अर्ज कुठे आणि का अडकतात, यावर दोन महिने खपून तिनं अहवाल केला होता. तो गुरुवारच्याच बैठकीत मांडायचा होता. साहेबांना पटला तर मुख्यालयातल्या प्रशिक्षणाला तिची निवड, आणि तिथून पुढे बढती. तरी तिनं तक्त्यावर सही केली आणि तो ताईंच्या टेबलावर ठेवला.

“पाच मिनिटांचं तर काम, ताई. आणि जबरदस्ती कुठे आहे? माझी निवड आहे.”

“हो का? मग नको म्हणायचं असतं, तर सही कुठे केली असतीस?”

धाकटीनं तक्ता उलटापालटा करून पाहिला. तसा रकानाच नव्हता.

“आणि तू कप भरत असताना अहवाल कोण वाचणार? किटली?”

तेवढ्यात अधिकारीबाई आल्या. “ताई, तुमच्या पिढीला सगळीकडे अन्यायच दिसतो हो! तिचा निर्णय आहे, त्याचा आदर करा ना.”

“करते की. आधी कागद पूर्ण करून आणा,” ताई म्हणाल्या, आणि शिक्का धाडकन पडला.

परत आलेला कागद पूर्ण होईपर्यंत त्यातलं काम कागद तयार करणाऱ्यानंच करायचं, असा आमचा नियम आहे. नऊ वर्षांपूर्वी तो मीच लिहिला होता, मोठ्या अभिमानानं.

मी तक्ता नव्यानं केला. ‘हो’ आणि ‘नको’ असे रकाने घातले, पुरुषांसकट एकेचाळीस नावं लिहिली. बुधवारी संध्याकाळपर्यंत एकेचाळीस ‘नको’ आले. तिजोरीवाल्यानं पुढे ‘गुडघा दुखतो’ असं लिहिलं. अधिकारीबाईंनी लिहिलं, ‘महत्त्वाचं काम’. माझाही ‘नको’ त्यात होता, पण एकही ‘हो’ नाही म्हणजे कागद अपूर्णच, आणि मी नियमानं बांधलेला.

गुरुवारी ट्रे घेऊन मी आत गेलो. धाकटी उभी राहून बोलत होती, पण पहिली पाच मिनिटं सगळे माझ्याकडेच पाहत होते. कुणीतरी विचारलं, “काय हो, वहिनींनी शिकवलं वाटतं?” मग साहेबांनी धाकटीला दोन प्रश्न विचारले. तिनं कागदात न बघता उत्तरं दिली, तेव्हा कुठे माना वळल्या. सोमवारी ती मुख्यालयात जाणार आहे.

“पाहिलंत?” बाहेर येताना अधिकारीबाई म्हणाल्या. “ही निवडीची ताकद!”

उरलेला कप मी ताईंच्या टेबलावर नेऊन ठेवला. त्यांनी एक घोट घेतला, साखर शोधली आणि कप माझ्याकडे सरकवला.

“अपूर्ण,” त्या म्हणाल्या. “परत.”