आमटीतला फासा
दोन हजार सालच्या हिवाळ्यात, वडगाव रासाईला मैत्रिणीच्या मळ्यात, लुडोचा फासा मटकीच्या आमटीत पडला. तो तिच्या आबांनी टाकला होता. जन्मभर कवड्यांनी पट खेळल्यामुळे ते फासाही तसाच उंच उडवत, आणि चुलीवरून उतरवलेलं पातेलं शेजारीच होतं. हरेल त्याने सगळी भांडी घासायची, ही अट आबांचीच. आम्ही दोघी सुटलो होतो. उरले होते आबा आणि त्यांची धाकटी बहीण, आत्या. आबांना जिंकायला तीन हवे होते, आत्यांना एक. आत्यांनी पळी उचलली. “ढवळायचं न्हाई,” आबा म्हणाले, “पडलं ते दान खरं.” “मग खाऊनच बघू,” आत्या म्हणाल्या. वरवरची आमटी वाढून घेत आम्ही भाकरी चुरून दोनदा जेवलो. तिखटाने डोळ्यांत पाणी आलं, पण कोणी थांबलं नाही. तळाशी फासा दिसला तेव्हा चौघांची डोकी पातेल्यावर आली. दोन कोपऱ्यांत दोन ठिपके होते आणि मधोमध मटकीचा दाणा. “त्याच्याखाली ठिपका हाय,” आबा म्हणाले, “तीन पडल्यात.” आत्यांनी दाणा उचलून खाल्ला. खाली ठिपका नव्हता. त्यांनी फासा पदराला पुसला, टाकला आणि एक पाडला. ऊन कलताना आबा हौदापाशी पातेलं घासत होते आणि आत्या बाजेवर बसून बघत होत्या. “दादा, बुडाला राख लाव,” त्या म्हणाल्या. आबांनी राख लावली.