एका टेबलावर चार चर्चेस

किस्से गोळा करायला आम्हाला कधी कुठे जावं लागलं नाही. परळच्या आमच्या ऑफिसात जेवणाच्या एका टेबलावर चार ख्रिस्ती बसतात, आणि डबे उघडले की भाजीबरोबर एखादा किस्सा निघतोच! दादरची फिलोमिना कॅथलिक. शीवचे कुरियनसर केरळचे, सिरियन ऑर्थोडॉक्स. करी रोडचा संजय पेंटेकोस्टल, म्हणजे टाळ्या, ड्रम आणि माइक. आणि मी गिरगावातली मराठी प्रॉटेस्टंट. आमच्याकडे पेटीवर गाणी आणि लांबलचक उपदेश.

ऑफिसातले बाकीचे विचारतात, "तुमचं सगळ्यांचं सेमच ना?" मग आम्ही चौघं एकमेकांकडे बघतो. एकदा यावरून टेबलावर असा वाद रंगला की शेवटी कुरियनसर डब्याचं झाकण लावत म्हणाले, "बोलून काय होणार? जाऊन बघू."

तेव्हापासून अधूनमधून एखाद्या रविवारी आम्ही एकमेकांच्या चर्चला जातो.

*

पहिला नंबर माझा लागला. आमच्याकडे प्रार्थनेला बसल्या जागी डोळे मिटतात. फिलोमिनाला गुडघे टेकायची सवय. बाकाला गुडघ्यांसाठी फळी सापडेना, तेव्हा ती सरळ फरशीवर उतरली.

शेजारी माझी आत्या. ऐंशीच्या घरातली. वाकून कुजबुजली, "काय गं, कानातलं पडलं का?" आणि उत्तराची वाट न बघता तीही खाली बसून बाकाखाली चाचपायला लागली!

"नाही हो आत्या," फिलोमिना म्हणाली, "प्रार्थना करतेय."

आत्या पदर सावरून म्हणाली, "बरं. आता उतरलेच आहे तर मीही करते. उठताना मात्र हात दे."

*

कुरियनसरांच्या चर्चमध्ये सगळं मल्याळममध्ये, आणि बहुतेक वेळ उभ्याने. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या. धुपाचा वास घमघमत होता. मध्येच वेदीसमोरचा पडदा ओढला गेला.

संजयने हळूच विचारलं, "सर, इंटरव्हल?"

सर अजिबात हसले नाहीत. "आत ताट वाढतायत. पाहुण्यांनी स्वयंपाकघरात डोकवायचं नसतं!"

पुढे शांती देतात. फादरांच्या तळव्यांना तळवे लावून एकाने ती घ्यायची, मग दुसऱ्याला द्यायची. अशी ती हातोहात मागच्या भिंतीपर्यंत येते. संजय अगदी शेवटी उभा. शांती त्याच्यापर्यंत आली, आणि त्याच्या पुढे कोणीच नाही!

आम्ही बाहेर आलो तरी याचे हात जोडलेलेच.

"अरे, सोड आता," मी म्हटलं.

"नाही, आईसाठी नेतोय."

"आणि बसमध्ये दांडा कशाने धरणार?"

"टॅक्सी करतो. तुम्ही दार तेवढं उघडून द्या!"

*

याच संजयच्या आईचा किस्सा. करी रोडला एका हॉलमध्ये त्यांची उपासना भरते. तिथे सगळे एकदम, मोठमोठ्याने, आपापल्या शब्दांत प्रार्थना करतात. कुणी रडतंय, कुणी टाळ्या वाजवतंय. कुरियनसर रुमालाची घडी घट्ट धरून उभे होते.

नंतर संजयच्या आईने चहा दिला तेव्हा सरांनी विचारलंच, "मावशी, एवढ्या गलक्यात देवाला कुणाचं काय ऐकू येणार?"

"चाळीत ढीगभर पोरं रडायची हो," मावशी म्हणाल्या. "पण माझं कुठलं, ते मला नळावरून कळायचं."

"पण इथे तर सगळीच त्याची!"

"म्हणून तर तो देव. मी नुसती संजूची आई."

*

फिलोमिनाच्या आईला आम्ही सगळेच ममा म्हणायचो. ईस्टरच्या आधीचे उपवासाचे दिवस होते, आणि ममा परळलाच हॉस्पिटलात. आता करण्यासारखं काही उरलं नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं.

दुपारी भेटायच्या वेळेला आम्ही तिघं गेलो. फिलोमिनाने रोझरीची माळ काढली, पण पहिल्याच मण्याला ती संजयच्या हातात दिली. "मला नाही होत रे. तुम्ही म्हणा."

माझ्या घरी कधी माळ नव्हती, संजयच्या घरी तर नाहीच नाही. तिच्याकडच्या प्रार्थनेच्या कार्डावरून मी वाचायला लागले. कुरियनसर हात जोडून ओठ हलवत होते. संजय एकेक मणी पुढे ओढत होता, जपून, जणू काचेचा आहे. एक फेरी पुरी झाली, आणि सवयीने तो मोठ्याने म्हणून गेला, "हालेलुया!"

पलीकडच्या खाटेवरच्या बाई दचकल्या.

"संजू!" फिलोमिना दबक्या आवाजात ओरडली. "उपवासात आम्ही तो आनंदाचा शब्द उच्चारत नाही. एकदम ईस्टरलाच म्हणतो!"

संजयचा चेहरा पडला. "सॉरी गं. तोंडातून निघालं."

ममाने डोळे उघडले. सकाळपासून ती कुणाशी एक शब्द बोलली नव्हती.

"म्हण रे पोरा," ती म्हणाली. "माझ्याच्याने ईस्टरपर्यंत थांबणं होणार नाही."

संजयने माळ मुठीत धरून मान खाली घातली. कुरियनसर खिडकीकडे वळले. माझ्या हातातलं कार्ड मला दिसेनासं झालं.

शेवटी फिलोमिनानेच आईचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "हालेलुया."