सुताचं टोक

आमच्या घरात सूत तुटणं ही काही बातमी नव्हती. तुटलं की टोक शोधायचं, गाठ मारायची आणि पुढं चालायचं. सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत आमचं घर. वडील मागावर, आणि मागात इकडून तिकडं धावणाऱ्या धोट्यात बसणाऱ्या सुताच्या कांड्या भरायला अम्मा आणि मी, शेजारी शेजारी दोन चरख्यांवर. माझा चरखा फार कुरकुरायचा. अम्मा म्हणायची, "मालकिणीवर गेलाय." काम अर्ध्यावर टाकून उठताना टोक चाकाच्या आऱ्याला गुंडाळून ठेवायचं, ही तिची शिस्त. परत येणाऱ्याला शोधत बसायला नको. मी तशीच उठायचे आणि बोलणी खायचे.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला प्राणिशास्त्राच्या मॅडमनी आम्हाला डीएनए काढायला शिकवलं. बोकडाचं काळीज वाटून, मीठ आणि साबणाचं पाणी घालून गाळून घ्यायचं आणि वरून बर्फात गार केलेलं अल्कोहोल हळूच सोडायचं. सोलापूरच्या उन्हात बर्फ टिकवणं हाच निम्मा प्रयोग होता. मग पांढरे तंतू वर येत, ते काचेच्या काडीवर गुंडाळायचे. मी काडी हातात घेतली आणि कांडी भरल्यासारखी गरागरा फिरवली. सगळ्याचे तुकडे झाले. वर्ग हसला. मॅडम म्हणाल्या, "सूत नव्हे गं हे, जरा दमानं घे."

मला राग आला की मी प्रश्न विचारते. तेव्हाही विचारला, "डोळ्यात आणि नखात हाच धागा असतो ना? मग नखाला दिसत का नाही?"

मॅडम म्हणाल्या, "नक्की कुणालाच ठाऊक नाही अजून. धाग्यावर बारीक रासायनिक खुणा असतात, एवढं कळलंय. त्या कशासाठी असतात, ते तू शोध. हैदराबादला जा पुढं शिकायला."

त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. घरी विषय काढला की अम्मा चरख्याचा वेग वाढवायची, म्हणजे बोलणं ऐकू येऊ नये. मी गेले तर दुसरा चरखा बंद पडणार होता, आणि वडिलांनी सगळं तिच्यावर सोडलं होतं. मला जायचं होतं, तेही तिची समजूत घालून, रुसवून नव्हे.

कॉलेजात प्रदर्शन भरलं तेव्हा मॅडमनी अम्माला बोलावून घेतलं. ठेवणीतली साडी नेसून ती आली आणि आमच्या त्याच प्रयोगाच्या पेल्यापाशी उभी राहिली. घरात आम्ही तेलुगू बोलायचो, पण तिथं ती सोलापुरी मराठीत म्हणाली, "लई नाजूक दिसतंय की ओ हे." मी काडी तिच्या हातात दिली. हळू फिरव म्हणून बजावलं. ती "व्हय, व्हय" म्हणाली आणि हाताला राहवलं नाही. गर्रकन फिरवली. तंतू तुटले.

अम्मा कावरीबावरी झाली. आणि मग तिनं पेल्यात दोन बोटं घातली, टोक शोधायला. अंगठा आणि तर्जनी गाठ मारायच्या तयारीत. कुणी हसलं नाही. मला तर रडूच आलं.

"ह्याला गाठ बसत नाही गं, अम्मा."

"मग शरीरात तुटलं तर?"

मॅडम म्हणाल्या, "पेशी आपली आपण जोडते."

"सगळी टोकं सापडत्यात तिला?"

"ते आता तुमच्या लेकीनं शोधायचं."

घरी येताना गल्लीभर माग खडखडत होते. आमच्या दारापाशी आल्यावर ती तेलुगूत म्हणाली, "जा तू. टोक सापडलं की सांग."

मी गेले. दर दिवाळीला उंबऱ्यातच पहिला प्रश्न, "सापडलं का?" मी म्हणायचे, अर्धं सापडलं. ती म्हणायची, "अर्ध्या टोकाला गाठ बसत नाही." आणि हसून ताट वाढायची.

धाग्यातल्या एका घटकावर चिकटणाऱ्या त्या इवल्या खुणांमागं माझं आयुष्य गेलं. आमच्या चादरींची नक्षी मागावर चढवलेल्या पुठ्ठ्याच्या भोकांवर ठरते. एखादं भोक बुजवलं की तिथलं फूल उठत नाही. ती खूण साधारण तेच करते. सूत तेच राहतं, नक्षी बदलते; डोळ्यात एक, नखात दुसरी. एका जनुकापुरतं हे मी दाखवू शकले, तेव्हा अम्मा नव्हती. निकाल हातात होता आणि मला फक्त तिलाच सांगायचं होतं. आजही कधी कधी वाटतं, गाडीत बसावं, गल्लीत शिरावं आणि उंबऱ्यातून ओरडावं, सापडलं म्हणून.

ती गेल्यावर घर आवरायला मी सोलापूरला आले होते. माझा चरखा तिनं कुणालाच दिला नव्हता. मी हैदराबादला निघाले त्या सकाळी अर्धी राहिलेली कांडी अजून त्यावर होती. सुताचं टोक तिनं आऱ्याला नीट गुंडाळून ठेवलं होतं.