बाटलीतली सरळ रेघ

पंपावर गाडी थांबते दोन मिनिटं, पण जाताना एखादा किस्सा टाकून जाते. नवेगाव बांधच्या रस्त्यावरच्या पंपावर मी डिझेल भरतो, त्यामुळे माझ्याकडे असे किस्से भरपूर साचलेत. त्यातले बहुतेक आमच्या मालकीणबाईंचे, म्हणजे कुंदाबाईंचे.

* * *

रोज सकाळी बाई लांब दांडीच्या टोकाला पेस्ट लावून ती जमिनीखालच्या टाकीत सोडतात. तळाशी पाणी असेल तर पेस्ट लाल होते. दांडी वर येईपर्यंत विक्री बंद! एकदा एका साहेबांच्या ड्रायव्हरनं हॉर्नवर हॉर्न दिले. बाई म्हणाल्या, "थांबा जी. टाकीत पाणी गेलं तं रस्त्यात लयच थांबा लागंल." साहेब उतरून दांडी बघायला आले.

* * *

एका मास्तरांच्या मोटरसायकलच्या टाकीचं झाकण हरवलं, तर त्यांनी तिथं फडकं कोंबलं. पाऊस लागला आणि मास्तर गाडी ढकलत पंपावर. बाईंनी टाकीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत ओतून ठेवलं. जरा वेळानं पाहतो तर खाली पाणी, वर पेट्रोल, मधे सरळ रेघ! ऐकून माहीत होतं, पण डोळ्यांनी पाहिलं तेव्हा मी बघतच राहिलो. मास्तर हळूच म्हणाले, "अन् मी मेकॅनिकले शिव्या देऊन राहिलो होतो."

* * *

बांधाकाठच्या एका शेतकऱ्याचं डिझेल इंजिन सारखं बंद पडायचं. टाकीत डिझेल आहे का बघायला झाकण उघडलं की पुन्हा सुरू! कुणाची तरी नजर लागली म्हणून त्यानं देवाला कोंबडा कबूल केला. बाईंनी नुसतं झाकण मागवलं. त्यात हवेसाठी बारीक भोक असतं, ते कुंभारमाशीनं चिखलानं लिंपून टाकलं होतं. हवा आत जात नव्हती, म्हणून डिझेल खाली उतरत नव्हतं. एवढीशी माशी, पण आख्खं इंजिन अडवून बसली होती! बाईंनी सुईनं भोक मोकळं केलं. कोंबडा वाचला.

* * *

पुंडलिककाकांचा ट्रॅक्टर धानाचा हंगाम सरला की रिकाम्या टाकीनं उभा राहायचा. बाई सांगायच्या, रिकामी टाकी आतून घामेजते, गंज धरते, भरून ठेवा. काका म्हणायचे, "तुमाले डिझेल इकाचं हाय, म्हणून सांगता." एका वर्षी त्यांच्या टाकीतून ओंजळभर गंज निघाला. तेव्हापासून काका रोज संध्याकाळी टाकी काठोकाठ भरून घरी जातात. बाईंशी बोलत मात्र नाहीत.

* * *

गेल्या पावसाळ्यात एकदा पाऊस रात्रभर कोसळला. सकाळी दांडी वर आली ती लालभडक. आमच्याच टाकीच्या झाकणाचं रबर उंदरानं कुरतडलं होतं आणि पाणी आत गेलं होतं. बाईंनी पंप बंद केला.

तेवढ्यात अर्जुनीकडून अँब्युलन्स आली. आत बाळंतपणात अडलेली बाई, तिला गोंदियाला न्यायचं, आणि डिझेलचा काटा पार तळाला. पुढच्या पंपापर्यंत गाडी पोचणार नव्हती. ड्रायव्हर हात जोडून थोडंसं तरी द्या म्हणत होता. आतून कण्हणं ऐकू येत होतं. कुंदाबाई म्हणाल्या, "हे दिलं तं गाडी जंगलात बंद पडंल. मंग तिले कोण नेईल?"

ट्रॅक्टरवरून शेतावर निघालेले पुंडलिककाका गर्दी बघून थांबले. काय झालं ते ऐकलं, आदल्या संध्याकाळीच भरलेल्या टाकीचं झाकण काढलं, नळी टाकून तोंडानं ओढली आणि कॅनमध्ये धार सोडली. एवढ्या घाईतही बाईंनी त्यातलं थोडं बाटलीत धरून उजेडात पाहिलं. कुठं रेघ नव्हती.

अँब्युलन्स गेली. दुपारी ड्रायव्हरचा फोन आला, आई आणि मुलगी दोघी सुखरूप आहेत म्हणून.

आमची टाकी उपसून, धुऊन पंप पुन्हा सुरू झाला, तेव्हा रांगेत पहिले पुंडलिककाका. मी नळी उचलली, तर त्यांनी माझा हात धरला.

"थांब बाप्पा." मग बाईंकडे वळून म्हणाले, "पहिले बाटली आणा."

कुंदाबाईंनी बाटली पदरानं पुसली, डिझेलनं भरली आणि स्वतः त्यांच्या हातात दिली. काका ती उन्हात धरून कितीतरी वेळ बघत राहिले.